मैफलीचे आणि व्याख्यानाचे निवेदन : कोणते काम आधी, कोणते नंतर

दिवाळी उलटली की कोकणात कार्यक्रमांचा हंगाम सुरू होतो आणि तो मे महिन्याच्या अखेरीपर्यंत चालतो. ग्रंथालयांच्या व्याख्यानमाला, देवळाच्या सभामंडपातल्या मैफली, रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या आवारात होणारा संगीत महोत्सव, आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रावरची भाषणे अशा अनेक ठिकाणी बोलणारा माणूस लागतो. हे काम बहुधा गावातल्याच एखाद्या शिक्षकाकडे, ग्रंथपालाकडे किंवा बँकेतल्या खड्या आवाजाच्या कर्मचाऱ्याकडे सोपवले जाते, आणि तेही कार्यक्रम दोन दिवसांवर आल्यावर.

मग ठरलेल्या चुका होतात. गायकाचे घराणे (गुरुपरंपरेतून आलेली गायनशैली) चुकते, तबलजीचे आडनाव बदलते, तानपुऱ्यावर बसलेल्या मुलींची नावे कोणी घेतच नाही, आणि सत्कार आटोपून बडा ख्याल (संथ लयीतले मुख्य गायन) सुरू होईपर्यंत घड्याळात नऊ वाजून गेलेले असतात. आवाजाचा किंवा व्यासंगाचा दोष यात क्वचितच असतो. चूक असते ती कामांच्या क्रमात. बहुतेक जण निमंत्रण आले की कागद पुढे ओढतात, सुंदर वाक्ये लिहितात आणि मग त्या वाक्यांत बसेल अशी माहिती शोधू लागतात. पुढे दिलेल्या क्रमात लेखनाला पाचवे स्थान आहे. त्याच्या आधीच्या चार टप्प्यांतला एकही गाळू नये.

१. आधी मिनिटांचा हिशेब मांडा

आयोजकांकडून कार्यक्रमपत्रिका मिळते, पण तिच्यात फक्त बाबींचा क्रम असतो, वेळ नसतो. निवेदकाने ती पत्रिका घेऊन प्रत्येक बाबीसमोर मिनिटे लिहावीत. कार्यक्रम साडेसहाला सुरू होऊन दहाला संपायचा असेल, तर हाताशी २१० मिनिटे असतात. त्यातून दीपप्रज्वलनाला १०, प्रास्ताविकाला १५, सत्कारांना २०, वाद्ये लावायला १५, मध्यंतराला १५ आणि आभारांना ५ मिनिटे वजा केली की गाण्यासाठी १३० मिनिटे उरतात. एका रागाचा बडा ख्याल आणि त्याला जोडून जलद लयीतला छोटा ख्याल नीट मांडायला पाऊण तास ते तास लागतो. म्हणजे दोन राग, एखादे नाट्यपद, एखादा अभंग आणि भैरवी (मैफलीचा समारोप ज्या रागाने करतात तो) एवढ्यातच वेळ संपतो. यात पाहुण्यांची दोन मनोगते वाढली, तर कापला जाणार तो दुसरा राग.

हा हिशेब कागदावर करून आयोजकांना दाखवावा. तोंडी सांगितलेले कोणी मनावर घेत नाही, पण आकडे समोर ठेवले की सत्कारमूर्तींची यादी आपोआप आखूड होते, असा अनुभव आहे.

दहाची मर्यादा सोयीपुरती नसते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त सभागृहांना सवलत आहे, आणि सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवाच्या निमित्ताने राज्य शासन वर्षातल्या ठरावीक दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत मुभा देऊ शकते. आपला कार्यक्रम त्या दिवसांत येतो की नाही, हे आयोजकांना विचारून घ्यावे. मैफल देवळाच्या पटांगणात असेल आणि परवानगी दहापर्यंतचीच असेल, तर भैरवी साडेनऊच्या सुमारास सुरू झालीच पाहिजे. शिवाय वाडीवस्तीवरून आलेल्या श्रोत्यांची शेवटची एसटी किती वाजता आहे, हेही पाहावे. दहा मिनिटे आधी अर्धे सभागृह चुळबुळ करीत उठू लागले, तर दोष गायकाचा नसतो.

*तपासा :* सुरुवातीची, मध्यंतराची आणि भैरवीची अशा तीन वेळा कागदावर नक्की झाल्या आहेत का? त्या आयोजकांनी आणि कलाकारांनी, दोघांनीही, मान्य केल्या आहेत का?

२. माणसांची माहिती त्यांच्याचकडून घ्या

कलाकाराचा परिचय महाजालावरून उतरवून घेण्याची सवय सर्वांत घातक आहे. तिथला मजकूर अनेकदा दहा वर्षांपूर्वीचा असतो. हयात नसलेल्या गुरूंकडे कलाकार ‘सध्या शिकत आहेत’ असे त्यात लिहिलेले आढळते आणि ते जसेच्या तसे व्यासपीठावरून वाचले जाते. समोर बसलेल्या गायकाच्या चेहऱ्यावर त्याची प्रतिक्रिया उमटते, पण तोपर्यंत शब्द गेलेला असतो.

त्यामुळे कलाकाराला किंवा त्यांच्या शिष्याला स्वतः फोन करावा. फोनवर विचारायच्या गोष्टी अशा : पूर्ण नाव आणि त्याचा उच्चार, नावाआधी पंडित, विदुषी, उस्ताद असे काही लावावे की नाही, गुरूंची नावे, आणि ती कोणत्या क्रमाने घ्यावीत, घराण्याचा उल्लेख करावा का, आणि कसा, आणि कोणती गोष्ट मुळीच सांगू नये. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण उपयोग त्याचाच सर्वांत जास्त होतो. दोन घराण्यांची तालीम घेतलेल्या गायिकेला एकाच घराण्याची म्हणून जाहीर केल्यास तिच्या दुसऱ्या गुरूंचा तो अवमान ठरतो.

पदव्यांच्या बाबतीत सढळ हात नसावा. तिशीतल्या तरुण गायकाला ‘पंडित’ म्हटले की त्यालाच अवघडल्यासारखे होते. तसेच ‘आकाशवाणीचे ए श्रेणीचे कलाकार’ असे म्हणण्यापूर्वी श्रेणी विचारून घ्यावी. बी, बी हाय, ए आणि टॉप या श्रेणी आकाशवाणी स्वतःच्या चाचणीतून देते, आणि त्यांतले अंतर श्रोत्यांना नसले तरी कलाकारांना बरोबर ठाऊक असते.

साथीदारांची नावे मात्र आठवडाभर आधी लिहून ठेवून भागत नाही. गायक मुंबईहून येतात, संवादिनीवादक (हार्मोनियमवाले) गोव्याहून, तबलजी कोल्हापूरहून, आणि यांपैकी कोणीतरी ऐन वेळी बदलतोच. म्हणून साथीदारांची जागा कागदावर कोरी सोडावी आणि कार्यक्रमाच्या संध्याकाळी ग्रीनरूममध्ये जाऊन ती भरावी. तानपुऱ्याच्या साथीला बहुधा स्थानिक संगीतवर्गातले विद्यार्थी असतात. त्यांची पूर्ण नावे आडनावासह घ्यावीत. त्या घरातली माणसे समोरच बसलेली असतात.

एक जादा तयारी कोकणात हवीच. कोकण रेल्वे उशिरा धावली किंवा घाटात वाहतूक अडली, तर कलाकार अर्धा तास उशिरा पोहोचतात, आणि आयोजक माइक निवेदकाच्या हातात देऊन निघून जातात. त्या वेळेसाठी पाच-सहा मिनिटांचा, वेळ पडल्यास मध्येच तोडता येईल असा मजकूर वेगळ्या कागदावर तयार असावा : एखाद्या वाद्याची जुळणी कशी होते, बंदिशीत (रागात बांधलेल्या गीतात) रचनाकाराचे टोपणनाव, म्हणजे मुद्रा, कशी येते, असे काहीतरी. पुढच्या कार्यक्रमाला तो कागद तसाच वापरता येतो.

३. रागाची तयारी वेळेवरून करा

गायक आधी राग सांगतीलच असे नाही. पुष्कळ जण तानपुरे लागल्यावर, हवा आणि श्रोते पाहून ठरवतात. म्हणून ‘बुवा, कोणता राग गाणार?’ असा प्रश्न टाकून अडून बसण्यापेक्षा ‘बुवा, सातला सुरुवात धरली आहे, सायंकाळचा राग घेणार की थेट रात्रीचा?’ असे विचारावे. याचे उत्तर ते मोकळेपणाने देतात, आणि तुमची यादी चार-पाच रागांपुरती आटोपशीर होते.

घरी प्रत्येक प्रहरासाठी चिठ्ठ्या करून ठेवाव्यात. सकाळच्या मैफलीसाठी भैरव, तोडी, जौनपुरी. दुपारकडे सारंगाचे प्रकार. उतरत्या दुपारी भीमपलास, मुलतानी. दिवेलागणीला मारवा, पूरिया, पूरिया धनाश्री. रात्रीच्या पहिल्या भागात यमन, भूप, केदार, बिहाग. आणि उशिरा बागेश्री, मालकंस, दरबारी. एका चिठ्ठीवर दोन-तीनच ओळी असाव्यात.

त्या ओळींत काय लिहायचे, याबाबत सर्वाधिक गोंधळ होतो. थाट, वादी-संवादी, आरोह-अवरोह यांची पाठ म्हटलेली यादी ऐकून जाणकार कंटाळतात आणि इतरांना काहीच कळत नाही. कोकणातल्या श्रोत्याचा कान नाट्यपदांवर आणि भजनावर तयार झालेला असतो. त्याला स्वरांची नावे सांगता आली नाहीत, तरी स्वर चुकलेला लगेच कळतो. अशा श्रोत्याला ऐकताना पकडता येईल अशी एकच खूण द्यावी. मालकंसात रिषभ (रे) आणि पंचम (प) नाहीत, पाचच स्वरांत सारा पसारा उभा राहतो, एवढे पुरे. मारव्यात गायक षड्जावर (सा) चटकन टेकत नाही आणि त्यामुळे एक अस्वस्थता टिकून राहते, हे सांगितले की श्रोता षड्जाची वाट पाहू लागतो. बागेश्रीत पंचम फार थोडा लागतो, आणि काही गायक तो घेतच नाहीत. बिहागात शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम (म) येतात. एक खूण, आणि गप्प बसावे.

रागांच्या नावांतले साधर्म्य हा दुसरा सापळा आहे. पूरिया, धनाश्री आणि पूरिया धनाश्री हे तीन वेगळे राग आहेत. शुद्ध कल्याण आणि शुद्ध सारंग यांचा एकमेकांशी संबंध नाही. मारवा आणि मारूबिहाग यांचे तसेच. ग्रीनरूममध्ये ऐकलेले नाव लगेच कागदावर लिहून कलाकारांना दाखवावे. ऐकण्यात ‘जोग’ आणि ‘जोगकंस’ यांची गल्लत सहज होते.

तालांच्या मात्रा पाठ असाव्यात : झपताल १०, एकताल १२, झुमरा आणि आडाचौताल १४, त्रिताल आणि तिलवाडा १६, रूपक ७. त्या श्रोत्यांना सांगण्यासाठी नाहीत. संवादिनीवादकाने ‘विलंबित तिलवाडा’ असे पुटपुटले, तर तुम्ही ते ‘त्रिताल’ असे जाहीर करू नये, यासाठी आहेत.

बंदिशीचे पहिले दोन-तीन शब्द माहीत असतील तर सांगावेत, अर्थ मात्र खात्री असेल तरच सांगावा. ब्रज भाषेतल्या शब्दांचा मराठी अर्थ अंदाजाने लावला की हमखास फसतो. बंदिशीत ‘सदारंग’ आले तर ती रचना नियामत खाँ यांच्या नावावर सांगितली जाते, ‘प्रेमपिया’ ही फैयाज खाँ यांची मुद्रा, ‘गुणीदास’ ही जगन्नाथबुवा पुरोहितांची. अशी मुद्रा श्रोत्यांच्या ध्यानात आणून देणे हे चांगल्या निवेदनाचे काम आहे; कारण पुढे अंतऱ्यात (बंदिशीच्या दुसऱ्या भागात) ती कानावर पडली की श्रोत्याला ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटते.

*सावधान :* ‘स्वर्गीय स्वर’, ‘मंत्रमुग्ध’, ‘स्वरांची बरसात’, ‘सुरेल नजराणा’ हे शब्द चिठ्ठीत आढळले तर चिठ्ठी नव्याने लिहावी. गाणे व्हायचे असताना ते कसे झाले हे आधीच सांगण्यात काही अर्थ नाही.

४. व्याख्यात्याचा परिचय

साहित्यविषयक व्याख्यानात निवेदकाचे काम आणखी छोटे असते, आणि तरीही तिथेच तो जास्त वेळ खातो. परिचय दोन मिनिटांत संपवावा. ‘यांना परिचयाची गरज नाही’ असे म्हणून पुढे दहा मिनिटे परिचय देण्याची चाल तर कायमची सोडावी.

व्याख्यात्यांच्या सर्व पुस्तकांची यादी वाचू नये. आजच्या विषयाशी जोडलेली एक-दोन पुस्तके सांगावीत, आणि ती प्रत्यक्ष हातात घेऊन शीर्षक मुखपृष्ठावरून उतरवावे. रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर अशी जुनी ग्रंथालये या किनाऱ्यावर आहेत. तिथे अर्धा तास बसले तरी पुस्तकाचे नाव, आवृत्ती आणि वर्ष यांची खात्री होते. पुरस्कार सांगायचा असेल तर तो कोणत्या पुस्तकाला आणि कोणत्या वर्षी मिळाला, हे व्याख्यात्यांनाच विचारावे.

आणि विषयाची फोड करू नये. वक्ता ज्या मुद्द्यापासून सुरुवात करणार असतो, नेमका तोच मुद्दा निवेदकाने प्रास्ताविकात वापरून टाकलेला असतो. मग वक्त्याला उभ्या-उभ्या नवी सुरुवात शोधावी लागते.

५. आता लिहायला बसा

मिनिटे, माणसे आणि संगीत यांची माहिती हातात आल्यावर लेखनाला फार वेळ लागत नाही. निवेदन कानासाठी लिहायचे असते. वाचणारा मागे जाऊन वाक्य पुन्हा पाहू शकतो, ऐकणारा तसे करू शकत नाही. म्हणून कर्ता आणि क्रियापद यांच्यात पाच-सहा शब्दांहून जास्त अंतर पडू देऊ नये, आणि एका वाक्यात एकच माहिती द्यावी.

उदाहरणार्थ, पुढील वाक्य छापील अंकात चालेल : ‘वयाच्या आठव्या वर्षापासून वडिलांकडे प्राथमिक शिक्षण घेऊन पुढे दोन थोर गुरूंचे मार्गदर्शन लाभलेल्या आणि देशविदेशांतील अनेक प्रतिष्ठित महोत्सवांत आपली कला सादर केलेल्या आजच्या गायिका आपल्यासमोर येत आहेत.’ सभागृहात हे वाक्य संपेपर्यंत त्याचे डोके कुठे होते हे कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि एवढे करून नाव राहिलेच आहे. तेच असे लिहावे : ‘आजच्या गायिका वयाच्या आठव्या वर्षी वडिलांकडे गाणे शिकू लागल्या. पुढे त्यांना दोन गुरू लाभले.’ यानंतर गुरूंची नावे, आणि सर्वांत शेवटी गायिकेचे नाव. नाव शेवटी आले की टाळ्या कुठे वाजवायच्या हे श्रोत्यांना सांगावे लागत नाही.

कागदाच्या एकाच बाजूला, मोठ्या अक्षरांत, दोन ओळींत मोकळी जागा सोडून लिहावे. वाक्य पान उलटताना तुटणार नाही असे पाहावे. व्यासपीठावरचा प्रकाश डोळ्यांवर येतो आणि घरी सहज वाचता आलेले अक्षर तिथे दिसत नाही, म्हणून अक्षर वाटते त्याहून मोठे असावे. मोबाइलच्या पडद्यावरून वाचू नये. ऐन वेळी फोन येतो, पडदा अंधारतो, आणि निवेदक बोटाने काहीतरी शोधत उभा राहतो.

*तपासा :* लिहिलेल्यातले प्रत्येक नाव, वर्ष आणि पद कोणाकडून मिळाले, हे तुम्हाला सांगता येते का? जे सांगता येत नाही ते खोडावे.

६. मोठ्याने वाचा, घड्याळ लावून

मनातल्या मनात वाचलेला मजकूर नेहमी कमी वेळाचा वाटतो. मराठी निवेदन शांतपणे वाचले तर मिनिटाला साधारण शंभर ते एकशेदहा शब्द होतात. तीन मिनिटांसाठी पाचशे शब्द लिहिले असतील, तर धावत वाचणे किंवा वेळ ओलांडणे यांपैकी एक काहीतरी होणारच. कापायचे काम घरीच करावे, व्यासपीठावर ते जमत नाही.

उच्चारांकडे या टप्प्यावर पाहावे. कोकणातल्या बोलींचा हेल हा दोष नाही आणि तो झाकण्यासाठी कृत्रिम बोलू नये. पण ‘न’ आणि ‘ण’, ‘स’ आणि ‘श’ यांतला भेद नावांपुरता तरी सांभाळावा. राग जोग, जौनपुरी, जयजयवंती यांतला ‘ज’ ‘जीवन’मधल्यासारखा आहे, ‘जोगवा’मधल्यासारखा नाही. शंका असल्यास जुने ध्वनिमुद्रण ऐकावे.

७. आकाशवाणीवर बोलायचे असेल तर

सभागृहातल्या आणि आकाशवाणीच्या निवेदनात मुख्य फरक हा, की रेडिओचा श्रोता मध्येच येतो. कोणी मासळी साफ करता करता रेडिओ लावतो, कोणी आंब्याच्या पेट्या भरताना. त्यामुळे सभागृहात रागाचे नाव एकदा सांगून भागते, रेडिओवर ते गाण्याआधी आणि गाणे संपल्यावर, असे दोनदा कलाकारांच्या नावांसह सांगावे लागते.

भाषणासाठी निमंत्रण आले, तर संहिता आधी लिहून कार्यक्रम अधिकाऱ्यांना दाखवावी लागते आणि करारपत्रावर सही करावी लागते. दहा मिनिटांचे भाषण म्हणजे सुमारे हजार शब्द. संहितेत पुढील गोष्टी नसाव्यात : एखाद्या राजकीय पक्षावर नाव घेऊन टीका, धर्म किंवा समाज यांच्यावर हल्ला, न्यायालयाचा अवमान होईल असे विधान. यांवर प्रसारण संहितेनुसार बंदी आहे. मालाची जाहिरात ठरेल असे कंपनीचे नावही टाळावे. हे ऐन वेळी कळले की परिच्छेद जागेवर कापला जातो आणि भाषणाचा तोल बिघडतो.

ध्वनिमुद्रण आज होते आणि प्रसारण पुढच्या आठवड्यात, कधी पुन्हा वर्षभराने. म्हणून ‘आज सकाळी’, ‘काल झालेला’, ‘या उकाड्यात’ असे शब्द संहितेत आढळले तर काढून टाकावेत. ‘सुप्रभात’ आणि ‘शुभ संध्याकाळ’ हे तर हमखास उलटतात.

स्टुडिओत जाण्यापूर्वी काही साध्या गोष्टी कराव्यात. कागदांना टाचणी लावू नये. पाने सुटी ठेवून, वाचून झालेले पान न उचलता बाजूला सरकवावे, कारण पान उलटण्याचा आवाज माइक मोठा करून ऐकवतो. काचेच्या बांगड्या, खिशातली नाणी, सळसळणारी रेशमी साडी यांचाही आवाज येतो. तोंड माइकपासून साधारण एक वीत लांब आणि किंचित एका बाजूला ठेवावे, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचा फटका बसत नाही. भरपेट जेवून आणि थंड सरबत पिऊन बसू नये. कोमट पाणी जवळ असावे.

वाचताना चूक झाली तर ‘सॉरी’ म्हणू नये आणि अर्ध्या शब्दापासूनही उचलू नये. क्षणभर थांबावे आणि ते पूर्ण वाक्य पहिल्यापासून, त्याच चढउतारात वाचावे. संपादन करणाऱ्याला कात्री लावायला ती शांतता लागते. आवाज हजार माणसांना उद्देशून काढू नये. रेडिओ एका खोलीत एक माणूस ऐकत असतो, त्याच्याशी बोलल्यासारखे वाचावे. सभांतून बोलायची सवय असलेल्यांना हे जड जाते, आणि पहिल्या मिनिटाचे पुन्हा ध्वनिमुद्रण बहुधा यासाठीच करावे लागते.

८. जागेवर दोन तास आधी पोहोचा

समुद्रकाठच्या दमट हवेत तबल्याची पुडी (वरचे कातडे) सैल होते आणि स्वर उतरतो. वातानुकूलित गाडीतून उघड्या मंडपात आलेला तानपुराही जागेवर राहत नाही. हिवाळ्यात उघड्यावर दव पडू लागले की हे पुन्हा घडते. म्हणून वाद्ये निदान तासभर आधी व्यासपीठावर, त्याच हवेत, असावीत, आणि वर कापडाचे छत असावे. निवेदकाने हे आयोजकांना आठवण करून द्यावे, कारण वाद्ये उतरल्याने लागणारा वेळ पहिल्या टप्प्यातल्या हिशेबातूनच जाणार असतो.

गायिका काळी चारमध्ये (संवादिनीची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून) गाणार असेल आणि तबलजींनी काळी एकचा तबला आणला असेल, तर ती गोष्ट या वेळी कळली तरी उपाय करता येतो. हे काम तांत्रिकदृष्ट्या निवेदकाचे नाही, तरी गावातल्या कार्यक्रमात विचारणारे दुसरे कोणी नसते.

पत्र्याच्या छपराच्या सभागृहात अवकाळी सर आली की काही ऐकू येत नाही. तेव्हा पाऊस ओसरेपर्यंत थांबायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. माइकवर वाऱ्याची घरघर येत असेल तर स्पंजची टोपी लावून घ्यावी. निवेदकाचा माइक वेगळा असावा, गायकाचा माइक ओढून घेऊ नये. त्याची उंची आणि कोन त्यांच्या बसण्याप्रमाणे जमवलेला असतो. वीज गेल्यास जनरेटर सुरू व्हायला किती वेळ लागतो ते विचारावे.

समईचे काय? खाडीवरून वारा सुटला की पाच वाती लावायला दहा माणसे आणि दहा मिनिटे लागतात. व्यासपीठावरचे पंखे बंद ठेवावेत, समई वाऱ्याच्या आडोशाला ठेवावी, आणि मेणबत्तीऐवजी तेलात भिजवलेली लांब वात हाताशी असावी.

*तपासा :* साथीदारांची कोरी ठेवलेली जागा भरली का? रागाचे नाव लिहून कलाकारांना दाखवले का?

९. प्रत्यक्ष निवेदन

तानपुरे जुळत असताना बोलू नये. आयोजकांना ती शांतता रिकामी वाटते आणि ते ‘बोला काहीतरी’ अशा खुणा करतात, दुर्लक्ष करावे. कलाकार त्या वेळी कानाने काम करीत असतात, आणि ध्वनिक्षेपकातून येणारे शब्द त्यांच्या षड्जावर आदळतात. सांगायचे ते वाद्ये लावायला घेण्यापूर्वी किंवा सर्व जुळल्यावर गायकांनी मान हलवली की सांगावे. पंचम नसलेला राग येणार असेल तर तानपुऱ्याची पंचमाची तार मध्यमावर किंवा निषादावर लावावी लागते, म्हणून दोन रागांच्या मध्येही हेच पथ्य.

विलंबित (संथ) ख्याल संपून द्रुत (जलद) सुरू होताना निवेदकाने मध्ये येऊ नये. टाळ्या झाल्या तरी राग संपलेला नसतो. राग संपल्यावर ‘वा, काय सुंदर झाले’ असे म्हणून आपली पावती जोडू नये, आणि ‘आवडले ना?’ असे श्रोत्यांना विचारू तर नयेच.

फर्माइशीच्या चिठ्ठ्या येतात. त्या गोळा करून मध्यंतरात कलाकारांकडे द्याव्यात. माइकवरून वाचल्यास नकार देण्याची पाळी कलाकारांवर येते, आणि तीच चिठ्ठी गावातल्या प्रतिष्ठित माणसाची असली तर अवघड प्रसंग उभा राहतो.

आभार भैरवीच्या आधी मानावेत. पुष्कळ ठिकाणी भैरवी संपते, श्रोते उठू लागतात, आणि तेव्हा मंडपवाल्यापासून चहावाल्यापर्यंतची यादी सुरू होते. ती कोणी ऐकत नाही, आणि ज्यांचे आभार मानायचे त्यांचाच अपमान होतो. भैरवीआधी दोन मिनिटांत आभार, साथीदारांची आणि तानपुरावादकांची नावे पुन्हा एकदा, आणि मग भैरवी. तिच्यानंतर माइक बंद करावा.

कार्यक्रम झाल्यावर एक काम उरते. गायलेल्या रागांची, तालांची आणि कलाकारांच्या अचूक नावांची यादी त्याच रात्री लिहून वार्ताहराला आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याला द्यावी. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तबलजीचे नाव चुकीचे छापून आले, तर दुरुस्ती छापून येईपर्यंत आठवडा जातो. आणि ध्वनिफितीवर चुकलेले रागाचे नाव तर कोणी कधी दुरुस्त करीत नाही.